टाचण्यांची उशी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान आहे. त्याच्या मालकिणीला सगळी गल्ली टाचणीबाई म्हणते. तोंडावर नाही म्हणत, तोंडावर कुणी ‘बाई’ म्हणतं, कुणी ‘ताई’. पण कुणाचा कोट उसवला, कुणाचे पडदे लांब झाले, की “टाचणीबाईंकडे टाक” हेच सगळ्यांच्या तोंडी येतं. तिला हे नाव ठाऊक आहे. मला वाटतं, आवडतंही.

नाव पडण्याचं कारण साधं आहे. फिटिंग करताना तिच्या ओठांत टाचण्यांची एक रांग असते, डोकी बाहेर काढून शिस्तीत उभी. एक ओढायची, कापडात खुपसायची, दुसरी ओढायची. मी एकदा विचारलं होतं, “अगं, गिळली म्हणजे?” तर म्हणाली, “गिळली असती तर एव्हाना आतून शिवून निघाले असते, ताई.”

दुकान लांबट आणि अरुंद. रस्त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीशी दोन मशीनं. एका मशीनवर ती स्वतः बसायची. दुसरं मशीन बरीच वर्षं कापड टाकून झाकून ठेवलेलं होतं, कारण हाताखाली टिकणारं माणूस मिळत नाही, असं तिचं म्हणणं. मध्ये कापायचं मोठं टेबल, त्याच्या कोपऱ्यावर वाफेची इस्त्री आणि जुन्या कोटाच्या तुकड्याची शिवलेली टाचण्यांची उशी. मागच्या भिंतीला उंच आरसा आणि आरशासमोर एक बुटकं लाकडी स्टूल. त्या स्टुलाजवळच्या बाकावर काजं करणारी बाई बसते. काजं, बटणं, हातशिलाई तिच्याकडे. तिला आम्ही काजवाली म्हणतो.

त्या स्टुलाबद्दल मला सांगायचं आहे. गिऱ्हाईक त्याच्यावर चढतं, आरशाकडे तोंड करून उभं राहतं आणि टाचणीबाई खाली गुडघ्यावर बसून कडेला टाचण्या लावते. गिऱ्हाइकाला हलता येत नाही आणि तिला बोलता येत नाही. वळायला सांगायचं तर ती नुसती गुडघ्यावर बोटाने टकटक करते. अशा वेळी माणसाला काय होतं कोण जाणे, ते बोलायला लागतं. समोर स्वतःचाच चेहरा, खाली झुकलेली एक मान, अधूनमधून एक “हं”. त्या “हं”चेही प्रकार होते. वरच्या पट्टीतलं “हं” म्हणजे असं का, लांबवलेलं म्हणजे कठीण आहे बाई, आणि अगदी हलकं म्हणजे बोला, मी आहे. मुख्याध्यापिका तिथे रडलेली मी पाहिली आहे. बेकरीवाल्याने मुलाशी पटत नाही हे घरच्यांच्या आधी त्या स्टुलावर सांगितलं.

मीही सांगितलं. माझे यजमान गेल्यावर त्यांचा एक चांगला लोकरी कोट माझ्या मापाचा करून घ्यायला मी खाली गेले. बाह्या आखूड करायच्या होत्या. ती बाह्यांना टाचण्या लावत होती आणि मी त्यांच्या शेवटच्या आठवड्यांबद्दल बोलत सुटले. जे मुलांना सांगितलं नव्हतं ते सगळं. ती “हं” म्हणत राहिली. उठल्यावर तिने टाचण्या उशीत खोवल्या आणि एवढंच विचारलं, “खिसे त्यांचेच ठेवू?” मी म्हटलं, “ठेव.” इतकं नेमकं मला त्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून गल्लीत तिची ख्याती अशी की ऐकून घ्यावं तर टाचणीबाईने. खरी गोष्ट फक्त तिच्या घरच्यांना आणि काजवालीला माहीत होती. मी रोज उठबस असणारी शेजारीण, म्हणून मलाही. टाचण्या तोंडातून निघाल्या की ती वेगळीच बाई होती. समोरच्याने अर्धं वाक्य टाकलं की उरलेलं ही पुरं करायची, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

“बाई, उद्या मला जरा—”

“सुट्टी हवी? घे. पण दुपारनंतर घे.”

“नाही हो बाई. उद्या मला लवकर यायचंय, काजं पडलीयत ढीगभर. किल्ली मागत होते.”

“मग तसं सांग ना सरळ! कोड्यात कशाला बोलतेस?”

काजवाली माझ्याकडे बघून दोरा दातांनी तोडायची. तोडण्यासारखं दुसरं तिच्या हातात काही नव्हतं.

टाचणीबाईचा नवरा लेक शाळेत असतानाच गेला. लेक वाढली ती त्या कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात. या गोष्टीच्या वेळी ती तिशी ओलांडलेली, वेगळी राहायची, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या नळाला पाणी का येत नाही ते ऐकायची आणि सुट्टीच्या दिवशी आईचं ऐकायला यायची, हा विनोद तिचाच.

लेकीच्या बाबतीत एक गोष्ट मला पूर्वीपासून खटकायची. टाचणीबाई गिऱ्हाइकाचं माप दर वेळी नव्याने घेते. माणूस कितीही जुनं असो, मागच्याच महिन्यात येऊन गेलेलं असो. “शरीर काय सांगून बदलतं का?” असं ती म्हणते आणि फीत काढते. लेकीचं माप मात्र तिने कधी घेतलं नाही. खिळ्याला एक खाकी कागदाचा कट, म्हणजे मापाचा नमुना, लटकवलेला होता, लेक कॉलेजात असतानाचा. दर वाढदिवसाला त्याच्यावरून एक ड्रेस बेतायची, थोडा अंदाजाने सैल करून. “पोटची पोर आहे. तिचं माप काय घ्यायचं?” लेक तो ड्रेस एकदा घालून दाखवायची, छान आहे म्हणायची, आणि मग तो ड्रेस पुन्हा दिसायचा नाही.

एका संध्याकाळी लेक मला जिन्यात भेटली. दुकानात जायच्या ऐवजी जिन्यातच बसली होती.

“काकू, मला बढती देतायत. दुसऱ्या शहरातल्या कचेरीत. महिनाअखेर उत्तर द्यायचंय.”

“अगं वा!”

“मला नकोय.” ती पायरीकडे बघत म्हणाली. “मला इथे यायचंय. आईच्या शेजारच्या मशीनवर. वर्षभर संध्याकाळी शिकायला जातेय मी. कापायला, शिवायला, सगळं. तिला पत्ता नाही.”

“मग सांग ना तिला.”

“चार वेळा सुरुवात केली. वाक्य पुरं झालं नाही.”

मी म्हटलं, मी सांगू का? ती पटकन उठली. “नको काकू. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल, मला माहीत आहे. तुम्ही गिऱ्हाईक आहात. पण तिला माझ्या तोंडून ऐकता येतं का, तेच तर मला बघायचंय. ते जमत नसेल तर तिच्या शेजारी बसून दिवसभर काय करू? नाहीच जमलं तर सही करून टाकते आणि जाते.”

मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. सोपं नव्हतं ते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी खाली गेले होते, माझ्या उशांचे अभ्रे घेऊन. दुकानामागच्या छोट्या स्वयंपाकघरात मायलेकी चहा घेत होत्या, मलाही एक कप मिळाला. लेकीने कप खाली ठेवला.

“आई, दुकानाबद्दल मला एक—”

“दुकान बंद करायचं नाही.”

“मी बंद कर म्हटलं का?”

“म्हणणार होतीस. सगळ्यांची पोरं तेच म्हणतात. डोळे गेले, गुडघे गेले, आता आराम कर. बेकरीवाल्याला बसवला ना त्याच्या मुलाने घरी? आता बघ, खिडकीत बसून कबुतरं मोजतो.”

“आई, कबुतरांचं राहू दे. माझं ऐक—”

“ऐकतेय की! कान काय गहाण टाकलेत? बढती मिळतेय ना तुला? कळलंय मला, तुझ्या कचेरीतली ती जाडी येऊन सांगून गेली. जा तू. मी आडवी येणार नाही. माझं मी बघेन.”

एवढं बोलून ती उठली आणि आधीच धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला लागली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. चहा तिने प्यायलाच नाही.

ती गेल्यावर मी म्हटलं, “अगं, पोरीला एकदा पुरं बोलू दे ना.”

“ताई, जन्म दिलाय मी तिला. तिने तोंड उघडायच्या आधी मला कळतं पुढे काय येणार.”

“कळतं ना? मग ऐकायला काय हरकत आहे?”

ती हसली. नळ मात्र उगाच जोरात सोडला.

मी वर येऊन बराच वेळ विचार करत बसले. एकच बाई, तेच कान. मुख्याध्यापिकेचं रडगाणं शांतपणे ऐकते आणि पोटच्या पोरीचं अर्धं वाक्यही सहन होत नाही. मला हळूहळू कळलं ते असं. गिऱ्हाइकाच्या वाक्याचा शेवट काहीही होवो, तिचं काय जाणार होतं? त्यांचं दुःख टाचण्यांबरोबर उशीत खोवून ती जेवायला जाऊ शकत होती. लेकीच्या वाक्याच्या शेवटी मात्र तिचं स्वतःचं काहीतरी टांगलेलं होतं. ते तुटणार अशी तिला धास्ती, म्हणून शेवटाला पोचूच द्यायचं नाही. आपण ज्यांच्यावर जीव टाकतो त्यांचंच बोलणं सर्वांत जास्त तोडतो, ते बहुधा असं. वर त्याला आपण ‘मला तुझं सगळं कळतं’ असं गोड नाव देतो.

महिना संपायला एकच दिवस उरला. दुपारी मी अभ्रे आणायला खाली गेले, तर स्टुलावर दवाखान्यातली नर्स उभी होती. नव्या गणवेशाची उंची ठरत होती. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याबद्दल ती सांगत होती, जो रोज तिला बायकोच्या नावाने हाक मारतो. टाचणीबाई खाली वाकून “हं” म्हणत होती, ते अगदी हलकं “हं”.

लेक दारात येऊन उभी होती. कचेरीतून लवकर निघून थेट आलेली, हातात एक मोठी पिशवी. ती आत आली नाही, तिथूनच ऐकत राहिली. नर्सचं नाही, आईचं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून परवडणार नाही असं काही बघावं, तसं ती बघत होती.

नर्स गेली. काजवालीने सुईत दोरा ओवता ओवता, कुणाकडेही न बघता म्हटलं, “मला काही महत्त्वाचं सांगायचं असलं ना, मी बाई फिटिंगला बसल्या की सांगते. मशीनवरचा हा नवा दिवा पण तसाच मागितला. ‘हं’ म्हणाल्या. ‘हं’ म्हणजे हो, असं मी धरून चालते.”

“काय गं, काय चाललंय तुझं?” टाचणीबाई उठत म्हणाली.

“काही नाही बाई, दिव्याचं बोलत होते.”

लेकीने पिशवीतून एक करडा कोट काढला, अंगात घातला आणि सरळ स्टुलावर चढली. “आई, कमरेत सैल आहे आणि लांबही. आत घेऊन दे.”

“विकतचा? शिवणारी आई घरात असताना?”

“घे आता.”

टाचणीबाईने कोटाचं अस्तर बोटांत चोळून पाहिलं, नाक मुरडलं. कोट दुसऱ्या शहरात जायलाच घेतला आहे हे तिला न सांगताच कळलं असणार, कारण पुढची कुरकुर तिने गिळली. टाचण्या ओठांत धरल्या आणि गुडघ्यावर बसली.

लेक आरशाकडे बघून बोलायला लागली. “आई, मला जायचं नाहीये.”

“हं,” टाचणीबाई म्हणाली, सवयीने. आणि मग तिचा हात थांबला. ती ओठांतल्या टाचण्या काढायला गेली.

“टाचण्या राहू देत,” लेक म्हणाली. “फिटिंग चालू आहे.”

मी उठायला लागले. “बसा काकू,” लेक आरशातूनच म्हणाली. काजवालीची सुई थांबली होती.

“बढती नकोय मला. मला इथे यायचंय. त्या मशीनवर, जे तू झाकून ठेवलंयस. वर्षभर शिकतेय मी. तुला सांगायला आले की तू माझं वाक्य माझ्या हातातून घेतेस आणि दुसरंच काहीतरी शिवून परत देतेस. तेही खांद्यात घट्ट.” ती थांबली. आईचा हात पुन्हा कापडावरून फिरायला लागला, पण मला तो आंधळ्यासारखा फिरताना दिसला. “तुझे सगळे ड्रेस मला खांद्यात घट्ट होतात, आई. कॉलेज सुटल्यापासून. मी कधी बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, रंग आवडला नाही का.”

काजवालीला हसू फुटलं, तिने ते खोकल्यात घातलं.

“मला इथे यायची भीती वाटते. तुझी नाही. दिवसभर शेजारी बसेन आणि संध्याकाळपर्यंत माझं एकही वाक्य पुरं झालेलं नसेल, त्याची. तसंच होणार असेल तर मी उद्या सही करते. रागाने नाही. पण करते. झालं माझं.”

टाचणीबाई टाचांवर मागे बसली. ओठांतली एक टाचणी काढली, उशीत खोवली. मग दुसरी. एवढ्या सावकाश तिला टाचण्या काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटची निघाली तेव्हा आम्हा तिघींनाही वाटलं, आता शब्दांचा लोट येणार.

“मला मा—” ती म्हणाली. थांबली. उशीतली एक टाचणी उचलून तिने परत ओठांत धरली. मग काढून म्हणाली, “आणखी काही राहिलंय?”

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

“नाही.”

“बघ. राहिलं असेल.”

लेकीचे डोळे भरले होते, तरी ती म्हणाली, “एक राहिलंय. बेकरीवाल्याची कबुतरं पुन्हा काढायची नाहीत.”

“नाही काढत.” टाचणीबाईने बाहीनेच नाक पुसलं. “तू जाणार असं वाटलं मला. म्हणून मीच आधी ‘जा’ म्हणून मोकळी झाले. दुसऱ्याने ओढून तोडण्यापेक्षा आपणच दोरा कापलेला बरा, असं.”

लेक खाली उतरायला गेली आणि अडखळली. पाऊलच मोकळं पडेना. टाचणीबाईने कोटाची कड आतल्या स्कर्टला टाचून ठेवली होती, पुढून मागून सगळी, अगदी व्यवस्थित. जिच्या हातून मुख्याध्यापिकेच्या रडण्यातही एक टाचणी वाकडी गेली नव्हती, तिने मायलेकींच्या पहिल्या फिटिंगला गिऱ्हाईकच कपड्याला टाचलं.

“बाई!” काजवाली ओरडली. “आता तर कुठे जाऊच शकत नाही ती!”

मग मात्र सगळ्याच हसलो. हसता हसता टाचणीबाई टाचण्या काढायला वाकली आणि तिची बोटं स्कर्टच्या कडेवर थांबली. तिने कड उलटी करून पाहिली.

“हा कुठून आणलास?”

“मी शिवलाय.”

तिने कड दोन बोटांत धरून प्रकाशाकडे नेली. “दुमड जाड झालीय. इस्त्री न फिरवता टाके घातलेस.”

“हो.”

“का?”

आणि ती थांबली. उत्तरासाठी थांबली. लेक सांगत राहिली, की क्लासमध्ये एकच इस्त्री आहे, तिच्यापुढे रांग असते, त्या दिवशी उशीर झाला होता, शिवाय कंटाळाही आला होता. सगळं बोलून होईपर्यंत टाचणीबाई कड धरून तशीच बसून होती. मध्ये एकदा तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मग तिने गळ्यातली फीत काढली. “वळ. सरळ उभी राहा. खांदे पाडू नकोस.” एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फीत लावली, पाहिलं, आणि पुन्हा लावली. “केव्हा झालीस एवढी?”

“सांगत होते की,” लेक म्हणाली.

खाकी कागदाचा कट त्याच दिवशी खिळ्यावरून उतरला.

याला आता वर्ष झालं. कोट कमरेत घेतला गेला, आणि थंडीच्या सकाळी लेक तो दुकानातच घालून बसते, बाह्यांना खडूचे पांढरे डाग. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. इस्त्री टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यावर ठेवायची यावरून पहिल्याच आठवड्यात दोघींचं वाजलं. काजवाली म्हणते, “आधी एक बोलायच्या, आता दोघी बोलतात, मी कानात काय घालू, बटणं?” आणि टाचणीबाई अजूनही वाक्यं तोडते. जित्याची खोड आहे. पण ती तोडायला लागली की लेक एक शब्द बोलत नाही. मशीन न थांबवता डाव्या हाताने टाचण्यांची उशी नुसती पुढे सरकवते. टाचणीबाई चरफडते, एक टाचणी उचलते, ओठांत धरते. आणि ऐकते. मुख्याध्यापिकेचं ऐकायची तशी सहज नाही. कपाळाला आठ्या घालून, कष्टाने, खरोखर ऐकते.

परवा मी खाली बसले होते. मुलाने फोनवर काय काय ऐकवलं ते त्या दोघींना सांगत होते, आणि लेक मला काही विचारायचा प्रयत्न करत होती. “काकू, पण त्याने—” “अगं त्याचं कारण मला ठाऊक आहे,” मी म्हटलं, आणि पुढे चालू ठेवलं. थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं. मशीन चालूच होतं, आणि टेबलावरून ती उशी सरकत सरकत माझ्यासमोर आली होती.